'रिकव्हरी'ला मराठीत काय म्हणाल?

मृणाल : दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांच्या गटांवरच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस वगैरे) संशोधनाबद्दलचा एक लेख मराठीत करतेय. 'रिकव्हरी'पाशी अडले. 'व्यसनमुक्ती' लिहिलं की संपादक खूश, पण मला खटकतंय. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. या गटांकडे पद्धतशीर वळवलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के वर्षभरानंतर दारूपासून पूर्ण लांब होते, इतर उपचार घेतलेल्यांत ३५. ही मोजणी 'ॲब्स्टिनन्स'ची. त्यालाही व्यसनमुक्ती आणि रिकव्हरीलाही व्यसनमुक्ती?

सदानंद : ॲब्स्टिनन्सला 'मद्यवर्जन'.

मृणाल : 'वर्ज्य' म्हटलं की मला चातुर्मासातला कांदा-लसूण आठवतो. म्हणजे मुदत आली, आणि त्याआधी कांदेनवमीही आली!

सदानंद : मग सरळ 'न पिणं' लिहा. आकड्यांच्या तक्त्यातही चालून जाईल.

विलास : अकरा वर्षं मीटिंगला जातोय, म्हणून बोलतो. आमच्यात कुणी 'मी मुक्त झालो' म्हणालं की जुनी मंडळी चहाच्या कपावरून नुसतं बघतात. माझी आई शेजारणीला सांगायची, "सोडली हो त्यानं." तेव्हा मी सातव्यांदा सोडली होती. पुढे 'सुटली' म्हणायला लागलो, तेव्हा जरा बरं वाटलं.

मृणाल : विलासदादा, हे फार मोलाचं सांगितलंत. 'सोडली'त कर्ता मी, 'सुटली'त दारू. १९३९ साली छापून आलेली पहिली पायरीच अशी आहे, की दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं. मराठीत ती कबुली क्रियापदातच येते.

विलास : पण 'सुटली'लाही पूर्णविराम लागतो ना. म्हणून आम्ही 'आज घेतली नाही' एवढंच म्हणतो.

सदानंद : 'बरा होतोय'?

मृणाल : त्यात ताप उतरल्याचा भास होतो. मी 'सावरणं'कडे झुकतेय. तोल गेलेला माणूस सावरतो, संसारही सावरतो. रिकव्हरीत न पिण्यापलीकडचं जे येतं, घर, नोकरी, झोप, ते यात मावतं. शिवाय 'सावरतोय' वर्षानुवर्षं म्हणता येतं.

सदानंद : शीर्षकात मात्र 'व्यसनमुक्ती'च ठेवावी लागेल. केंद्रांच्या पाट्यांवर तोच शब्द आहे, वाचक तोच शोधणार.

मृणाल : मान्य. शीर्षकात तो, मजकुरात 'सावरणं'.

विलास : चालेल. फक्त मध्येच पुन्हा पिणं होतं, त्या 'स्लिप'चं भाषांतर करू नका. 'घसरण' म्हटलं की रुपयाची वाटते.