वस्तऱ्याच्या शेवटच्या धारेसाठी कोणता दगड घ्यावा? मदत हवी आहे

जुना पोलादी वस्तरा आहे. पात्याला खाचा नाहीत, गंजही नाही. १००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडावर धार बसवून नॉर्टनच्या ४०००/८००० जोडदगडावर नेतो. हातावरचे केस सहज उडतात, पण दाढी करताना पातं ओढतं आणि हनुवटीखाली जळजळ होते. आता पुढे नानिवाचा १२००० घ्यावा की बेल्जियमचा कोटिक्यूल? कोटिक्यूलमध्ये गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण असतात, धार मऊ लागते म्हणतात. पण नैसर्गिक दगड, प्रत्येक नग वेगळा निघणार, तीच धास्ती! की दगड न घेता ८००० वरच हलक्या हाताने जास्त वेळ द्यावा? चामडी पट्टा आहेच. त्यावर क्रोमियम ऑक्साइड (धार घासून गुळगुळीत करणारी हिरवी पूड) लावणाऱ्यांनीही जरूर सांगा.