अनुभव धागा: चार दिवसांचं बेट आणि स्नॉर्कल, नागपूरहून

डिसेंबरच्या सुट्ट्यांत नागपूरहून अंदमानला निघणाऱ्यांसाठी हा धागा. सूर्यास्ताचं वर्णन नको, हॉटेलच्या नाश्त्याचंही नको. स्नॉर्कल म्हणजे तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथं पडून खालचं बघणं. त्यात पाण्यात तोंड घातल्यावर काय बिघडतं, काहून बिघडतं आणि इलाज काय, एवढंच लिहा.

धरमपेठहून:
मास्क (डोळे-नाक झाकणारा, काचेचा) तिथे मिळतोच, पण तो कुणाच्या तरी तोंडाच्या मापाचा असतो. स्वतःचा न्या. विकत घेताना पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास ओढा आणि हात सोडा. चार-पाच सेकंद चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी येणारच. उलट जास्त आवळलं की सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती तिथूनच सुरू होते. माप बरोबर असूनही गळत असेल तर कडेखाली केसाची बट अडकली आहे का बघा. नाहीतर मग मिशी. झुपकेदार मिशीवाल्यांनी नाकाच्या अगदी खालची बारीक पट्टी भादरावी. बाकीची शान शाबूत राहते.

नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो, त्यामुळे वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) आतून बोटाने चोळून धुवा, दोन-तीनदा. मग दर वेळी पाण्यात उतरताना बेबी शॅम्पूचा एक थेंब आतून फिरवा आणि ओझरतं खंगाळा. काचेवर थुंकी चोळायची पद्धत जगभर चालते, पण तोंडात खर्रा असेल तर राजेहो, शॅम्पूच बरा.

प्रतापनगरहून:
मास्क आला की सराव इथेच, तरण तलावात, छातीइतक्या पाण्यात. (अंबाझरी तलावात नाही!) पाण्यावर पालथं पडून पाच मिनिटं फक्त श्वास घ्या, लांब आणि सावकाश. घाईघाईने अर्धे श्वास घेतले की नळीतली वापरलेली हवाच पुन्हा छातीत जाते, धाप लागते आणि माणूस घाबरून उभा राहतो. समुद्रात तो उभा राहतो ते प्रवाळावर. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क सोपे वाटतात, पण त्यात हवेची पोकळी मोठी आणि गडबडीत पटकन काढताही येत नाही. मी ते कुणालाच सुचवणार नाही.

नळीत पाणी शिरलं तर जोरात ‘टू’ म्हटल्यासारखा एकच फुंका मारा. पुढचा श्वास मात्र जपून, कारण थोडं पाणी मागे उरतं. मास्कमध्ये शिरलं तर वरची कड कपाळावर दाबून मान किंचित वर करा आणि नाकाने हवा सोडा, पाणी खालच्या कडेने निघून जातं. गंमत म्हणजे पोहता येणाऱ्यांचीच फजिती जास्त. सवयीने ते मान वळवतात आणि नळी बुडते.

मानेवाड्याहून:
चष्मेवाल्यांसाठी. मास्कच्या आत चष्मा बसत नाही, काडीपाशी फट राहते. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. पाण्यात वस्तू साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, म्हणून उणे दीडपर्यंत साधी काचही भागवते.

सदरहून:
सगळ्यात जास्त गोंधळ वेळेचा होतो. तिथे घड्याळ आपलंच, पण अंदमान नागपूरच्या पूर्वेला साडेतेरा अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे 54 मिनिटं पुढे. डिसेंबरात पाचच्या आसपास अंधारायला लागतं. ‘जेवून निघू’ म्हणणाऱ्यांना पाण्याखाली सगळं राखाडीच दिसतं. स्वराज द्वीपच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या, एलिफंट बीचला सकाळची पहिली बोट धरा. बोटीच्या तिकिटात येणारं स्नॉर्कलिंग दहा-पंधरा मिनिटांचंच असतं. जास्त वेळ हवा असेल तर पाण्यात उतरायच्या आधी भाव ठरवा.

शहीद द्वीपला (नील) भरती-ओहोटी बघूनच दिवस ठरवा. भरतपूर बीचवर ओहोटीला पाणी इतकं उतरतं की पोट प्रवाळाला घासतं. स्नॉर्कलसाठी भरतीच्या आगेमागे जा. लक्ष्मणपूरचा दगडी पूल मात्र ओहोटीलाच बघायचा, म्हणजे एकाच दिवसात दोन्ही जमतात. अमावास्या-पौर्णिमेला हा फरक सगळ्यात मोठा.

स्कूबाही (पाठीवर हवेची टाकी बांधून खोल बुडी) करणार असाल तर ते आधी उरका. त्यानंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावेत, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरतो. स्नॉर्कलला हे बंधन नाही, ते शेवटच्या सकाळीही चालतं. फेरीबोटीत उलटीची गोळी घेतली असेल तर गुंगी उतरेपर्यंत पाण्यात जाऊ नका.

इतवारीहून:
विमान परवडत नसेल तर मालवण. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावरच आहे आणि किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग होतं. नागपूर–मडगाव गाडी मालवणजवळच्या कुडाळला थांबते. रोज नसते, दिवस बघून घ्या. अंदमानइतकं नितळ पाणी मिळणार नाही, हे धरून चला. पावसाळ्यात सगळं बंद.

धरमपेठहून पुन्हा:
दोन गोष्टी राहिल्या. ऊन चेहऱ्याला नाही, पाठीला आणि पोटऱ्यांच्या मागे भाजतं, कारण तासभर तोच भाग वर असतो. आपल्याकडच्या 45 अंशांची सवय इथे उपयोगाची नाही. पाणी गार लागतं, म्हणून भाजलेलं संध्याकाळी कळतं. क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग चांगली. आणि किनाऱ्यावरचं प्रवाळ पोरांच्या खिशात येऊ देऊ नका. मेलेलं, तुटलेलं असलं तरी वन्यजीव कायद्यात बसतं, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात.

परत आल्यावर मास्क गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवून सावलीत वाळवा. गच्चीवर टाकलात तर मे महिन्यापर्यंत कड वाकडी झालेली असेल.