म्यूऑननं अणुभट्टीच्या पोटात डोकावणं: कामाचं की नुसती हौस?

धंतोलीचा_मास्तर
काल फुटाळ्यावर मित्राशी याच्यावरून वाजलं, म्हणून इथे मांडतोय. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण तयार होतात. तुमच्या तळहातातून आत्ताही सेकंदाला एक-दोन आरपार जाताहेत. युरेनियमसारख्या जड पदार्थात ते जास्त अडतात, वळतात, म्हणून पलीकडे किती पोचले ते मोजलं की एक्स-रेसारखं आतलं चित्र मिळतं. 2015 साली जपानच्या फुकुशिमा इथल्या, 2011 च्या अपघातात वितळलेल्या 1 नंबर भट्टीबाहेर म्यूऑन मोजणारे डिटेक्टर ठेवले आणि कळलं, गाभ्याच्या जागी इंधनच उरलेलं नाही. आत कुणाला पाठवावं लागलं नाही! तारापूरच्या 1 आणि 2 नंबर भट्ट्या त्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या, 1969 पासूनच्या. धडधाकट असतानाच त्यांचं एक चित्र काढून ठेवावं. पुढे ताडून बघायला होईल.

तर्री_जास्त
मास्तर, इंधन तिथं नाही हे कळलं, पण गेलं कुठं? डिटेक्टर जमिनीवर, त्याच्या खालचं त्याला दिसतच नाही. शेवटी रोबोटच आत घातले ना? अन् चालू भट्टीत न्यूट्रॉन मोजणारी यंत्रं असतातच. काहून पुन्हा खर्च करता राजेहो?

धंतोलीचा_मास्तर
फुकुशिमाच्याच 2 नंबरच्या भट्टीत 2016 साली म्यूऑननंच गाभ्याच्या पोलादी भांड्याच्या तळाशी इंधन साचलेलं दिसलं, ते विसरलात. 'खाली काहीतरी आहे' आणि 'इथे आहे' यात फरक असतो.

कोराडी_शिफ्टवाला
वेळेचं बोला की. म्यूऑन वरून भरपूर येतात, आडवे फार थोडे. भट्टी बाजूनं बघायची म्हणजे भिस्त त्या आडव्यांवर. त्या 2 नंबरला मार्च ते जुलै गेले. आमच्याकडे बॉयलरची नळी फुटली तर तासाभरात वरून फोन सुरू होतात. शिवाय गॅमा किरणांचा त्रास वेगळाच, फुकुशिमात डिटेक्टर जाड लोखंडाआड ठेवावे लागले.

संत्रा_बर्फी
शिफ्टवाले, बॉयलर दुरुस्त करून पुन्हा पेटवायचा असतो. फुकुशिमात काय पेटवायचंय? तीन भट्ट्यांत मिळून वितळलेल्या इंधनाचा गाळ अंदाजे 880 टन, आणि 2024 च्या नोव्हेंबरात त्यातला पहिला नमुना हाती आला तो एक ग्रॅमसुद्धा नाही. चार महिन्यांचं काय घेऊन बसलात!

तर्री_जास्त
फुकुशिमापुरतं पटलं. तारापूरचं नाही.

धंतोलीचा_मास्तर
उटीच्या ग्रेप्स-3 या वैश्विक किरणांच्या प्रयोगानं म्यूऑन मोजून वादळी ढगातला विद्युतदाब काढला, सुमारे 1.3 अब्ज व्होल्ट. आपल्या लोकांना हे काम येतं हो.

कोराडी_शिफ्टवाला
येतं, कबूल. पण ढगाभोवती काँक्रीटच्या भिंती नसतात. आधी एखाद्या बंद, थंड भट्टीवर करून दाखवा, मग चालूचं बोलू.