सतत थकवा, अंगदुखी आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,

हा धागा मुद्दाम काढतेय, कारण माझ्यासारखे बरेच जण असणार अशी खात्री आहे. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, भूक लागते, पण अंगात त्राणच नाही. सकाळी उठते तीच अंग आंबलेलं घेऊन. मान, खांदे, पोटऱ्या, रोज दुखायची जागा वेगळी. केस विंचरताना हात मध्येच खाली आणून जरा टेकवावा लागतो मग पुन्हा वर. घरच्यांचं म्हणणं मी विचार फार करते. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड केलं, सगळं नॉर्मल निघालं आणि मल्टिव्हिटॅमिन देऊन बोळवण झाली. आता थकवाही खरा आणि रिपोर्टही खरे, तर मधलं काय राहतंय ते मला समजून घ्यायचंय.

तुम्हाला काय निघालं, कशावरून निघालं, कशाने फरक पडला, कशाने उलट वाढलं, सगळं लिहा. काहीच निघालं नसेल तरी लिहा, उलट ते अनुभव जास्त हवेत. औषधांची नावं आली तर चालतील पण "तुम्ही पण हेच घ्या" नको, प्लीज.

*

ताई, तुमच्या रिपोर्टमध्ये फेरिटिन (शरीरात साठवलेलं लोह किती ते दाखवणारी तपासणी) आहे का बघा आधी. बहुतेक नसेलच, साध्या तपासणीत ते येत नाही. माझं हिमोग्लोबिन १२.४ होतं, बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं तर ॲनिमिया म्हणतात म्हणून मला सगळ्यांनी "छान आहे की" म्हणून परत पाठवलं. फेरिटिन केलं तर ९! शरीर आधी साठवलेलं लोह संपवतं आणि हिमोग्लोबिन अगदी शेवटी पडायला लागतं, त्यामुळे मधल्या काळात माणूस जिने चढताना धापा टाकतो, केस गळतात, पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत आणि कागदावर मात्र सगळं ठीक.

गोळ्यांनी पोट बिघडायचं म्हणून डॉक्टरांनी एक दिवसाआड घ्यायला सांगितल्या, तसं घेतलं तर शोषणही चांगलं होतं म्हणाल्या. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या जवळपास सुद्धा नको. शी काळी होते, घाबरू नका. आणि लगेच तरतरी येत नाही हो, दम लागणं आधी कमी झालं, थकवा जायला कित्येक महिने गेले. मुख्य म्हणजे लोह कमी का झालं ते शोधावं लागतं. माझं पाळीत जास्त रक्त जात होतं. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसायचं नाही, पोटा-आतड्यातून कुठे रक्त जातंय का ते बघतात.

*

मला व्हिटॅमिन डी कमी होतं. ७ आलं होतं, २० च्या खाली कमतरता धरतात. जमिनीवर बसलं की हात टेकल्याशिवाय उठता यायचं नाही आणि नडगीवर बोटाने दाबलं तरी कळ यायची. हाडं दुखतात हे मला कळतच नव्हतं, मी स्नायू स्नायू म्हणून तेल चोळत बसलेले.

६० हजार युनिटचा डोस आठवड्यातून एकदा, ठरवून दिलेले आठवडेच. पुढचं वाक्य जरा मोठ्याने वाचा : तो डोस रोजचा नसतो आणि कायमचा पण नसतो. ओळखीतल्या एकांनी मनानेच रोज घेतला, उलट्या, बद्धकोष्ठ, कॅल्शियम वाढलेलं, ॲडमिट करावं लागलं. पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनसारखं हे लघवीतून निघून जात नाही.

*

आमच्या ह्यांचं लिहिते, ते स्वतः काही लिहिणार नाहीत. वर्षानुवर्षं "दमलोय". रविवारी दुपारपर्यंत झोपले तरी दमलेलेच, डोकं जड, मीटिंगमध्ये डुलक्या, चिडचिड. सगळ्या तपासण्या ठीक, बीपी तेवढं गोळ्या घेऊनही हटत नव्हतं. घोरणं तर आमच्या घरात विनोदाचाच विषय. पण घोरता घोरता एकदम शांत व्हायचे, मी अंधारात वाट बघत पडायची, आणि मग गचका देऊन श्वास यायचा. हे मी डॉक्टरांना सहज म्हणून सांगितलं तर ते पेन ठेवून माझ्याकडेच वळले आणि पुढचे सगळे प्रश्न मलाच.

स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं. स्लीप स्टडीत (रात्रभर झोपेची तपासणी) तासाला ३८ वेळा श्वास अडकत होता किंवा उथळ होत होता, ३० च्या वर गंभीर धरतात. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासनलिका उघडी ठेवणारं) लागलं. सुरुवातीला मास्क काढून फेकायचे झोपेत, नाक कोरडं पडायचं, मास्कचा साइज बदलला आणि ह्युमिडिफायर लावला तेव्हा जमलं. आता प्रवासात पण मशीन बरोबर असतं. ह्यांचं वजन फार नाहीये बरं का, त्यामुळे जाड माणसालाच होतं असं समजू नका.

*

फायब्रोमायल्जिया. नाव मिळायलाच इतकी वर्षं गेली की नाव मिळालं तेव्हा मी रडले नाही, हसले.

सांगते नीट. सगळं अंग दुखतं, डावं उजवं, कमरेच्या वर खाली. कपड्याचं इलॅस्टिक टोचतं. कुणी प्रेमाने दंड पकडला तरी ओरडावंसं वाटतं. झोप लागते पण झोपल्यासारखं वाटत नाही. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही, "ते हे, ते आपलं" करत बसते. ईएसआर, सीआरपी (दोन्ही अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), आरए फॅक्टर (संधिवाताची तपासणी), एक्सरे, एमआरआय, सगळं स्वच्छ. शेवटी एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने (संधिवाताच्या तज्ज्ञाने) ऐकून घेतलं. मानेखाली, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं, त्यांचं नख पांढरं होईल एवढंच, आणि मी प्रत्येक वेळी दचकले. पूर्वी १९९० च्या निकषांप्रमाणे असे १८ पॉइंट मोजायचे आणि ११ दुखले तर निदान. २०१० पासून पॉइंट मोजायची सक्ती गेली, आता किती भागात दुखतं, झोप, थकवा, डोक्याचा गोंधळ किती आहे आणि हे तीन महिने टिकलंय का ते बघतात. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट हे तुम्ही नाटक करताय याचा पुरावा नसतो, या आजारात रिपोर्ट नॉर्मलच येतात. सांधे, स्नायू शाबूत असतात, मेंदू-मज्जारज्जूत दुखण्याचा आवाज वाढवून ठेवलेला असतो, असं मला समजावलं. हे ऐकून माझ्या नवऱ्याचा पण सूर बदलला हे सांगायलाच हवं.

औषधांत आधी रात्री ॲमिट्रिप्टिलिन अगदी कमी डोसमध्ये, मग ड्युलोक्सेटिन. काहींना प्रीगॅबॅलिन देतात, मला त्याने दिवसभर गुंगी आणि पाय सुजले म्हणून बंद केलं. खरं सांगायचं तर औषधांनी थोडंच कमी झालं, फरक पडला तो व्यायामाने. आधी फक्त सोसायटीला एक चक्कर. दुसऱ्या दिवशी जास्त दुखायचं, तरी तेवढीच चक्कर, वाढवायची नाही नि सोडायची पण नाही. मग हळूहळू वाढवलं, पाण्यातले व्यायाम केले. ज्यांना ज्यांना अंगदुखी आहे त्यांनी कितीही जिवावर आलं तरी हालचाल सोडू नका, मी शंभरदा सांगेन.

*

वरच्या ताईंचा आदर ठेवून, पण ते शेवटचं वाक्य सगळ्यांना लागू नाही आणि त्यानेच माझी वाट लागली आहे म्हणून लिहितोय.

मला एका साध्या व्हायरल तापानंतर सुरू झालं. ताप गेला, मी काही उठलो नाही. सगळे म्हणाले वीकनेस आहे, चाल, जिमला जा, स्टॅमिना येईल. गेलो. त्या दिवशी बरं वाटायचं, अगदी उत्साहात यायचो घरी आणि मग दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही पुढच्या दिवशी असा आडवा व्हायचो की घसा दुखतोय, गाठी दुखतायत, पडद्यातून येणारा उजेड सहन होत नाही, फोनवर बोलणं म्हणजे शिक्षा. मधे एक-दोन दिवस जात असल्यामुळे त्याचा आणि जिमचा संबंध कुणी लावेच ना. याला पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात आणि एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या आजाराची ही मुख्य खूण आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये जे निकष आले त्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला आणि कामधंदा बंद पाडणारा थकवा, श्रमानंतरचं हे कोसळणं आणि झोपूनही ताजं न वाटणं या तिन्ही गोष्टी लागतात, शिवाय डोक्याचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर त्रास यातलं एक तरी. ब्रिटनच्या नाइसने (उपचार कसे करावेत याचं मार्गदर्शन देणारी तिथली सरकारी संस्था) २०२१ च्या मार्गदर्शनात ठरवून व्यायाम वाढवत नेण्याची जुनी पद्धत या आजारासाठी काढून टाकली. कोविडनंतर ज्यांचं लांबलंय त्यातल्या बऱ्याच जणांना असंच होतं.

मी आता पेसिंग करतो. म्हणजे दमायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही. आंघोळ स्टुलावर बसून, डोकं धुवायच्या दिवशी दुसरं काही नाही. पाहुणे आले तर भेटायचं आणि ते बसलेले असतानाच उठून आत जायचं, लोकांना उद्धट वाटतो, वाटू दे. बरा झालेलो नाही, पण कोसळणं बरंच कमी आहे.

*

(धागाकर्ती) दादा, ताई, दोघांचेही आभार, दोघांचं वाचून मात्र माझा गोंधळ वाढला. मी चालायचं की नाही?

*

मी जनरल प्रॅक्टिस करते. इथे कुणाचं निदान करणार नाही पण या प्रश्नाला थोडं उत्तर देता येईल. चालल्यावर त्याच दिवशी दुखतं पण हळूहळू झेपत जातं, की एक-दोन दिवसांनी सगळंच कोसळतं, हे दोन आठवडे वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. नुसतं "थकवा येतो" म्हटलं तर आम्ही पण नेहमीच्या चार तपासण्या लिहितो, खोटं कशाला बोलू. बसल्या जागी डोळे मिटतात, की झोप येत नाही पण ताकद नाही, की ताकद आहे पण इच्छाच नाही, की सकाळी तासभर अंग ताठ राहतं आणि हालचालीने सुटतं, यातलं काय ते सांगा. या प्रत्येकाची वाट वेगळीकडे जाते. चालू असलेल्या गोळ्यांची यादी पण आणा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी बी १२ कमी होऊ शकतं. मनाने मात्र काही बंद करू नका.

वजन उतरणं, रात्री घाम, सतत बारीक ताप, गाठ, लोहाच्या गोळ्या चालू नसताना काळी शी, धाप, छातीत दुखणं, यातलं काही असेल तर हा धागा बंद करून आधी दाखवा.

*

"ताकद आहे पण इच्छाच नाही" हा मी. पाठ आणि पाय दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे चकरा मारत होतो. उदास वगैरे काही वाटत नव्हतं, फक्त पहाटे जाग यायची आणि मॅच लागली तरी बघावीशी वाटायची नाही. थायरॉइड, बी १२ बघून झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. गोळ्या सुरू केल्यावर पाठ दुखायची थांबली, हो, पाठ! लोक म्हणतात "मनाचंच होतं मग", अरे पण दुखत पाठच होती ना.

*

माझ्या आईचं थोडक्यात. वय ६८, दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळी जाम, अंथरुणात कूस बदलता येईना, ब्लाउज घालायला मला बोलवायची. "वय झालं आता" हे तिने स्वतःच ठरवून टाकलेलं. ईएसआर खूप वाढलेला निघाला, पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका (दाहामुळे खांदे-मांड्या जखडणारा आजार). स्टिरॉइड म्हटल्यावर आम्ही हबकलो होतो, पण कमी डोस होता आणि काही दिवसांतच ती स्वतःची स्वतः उठून बसली. डोस फार सावकाश कमी करत नेतात, मधेच सोडायचा नाही. आणि डॉक्टरांनी बजावलं की कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजरेत फरक असं काही झालं तर त्याच दिवशी या, डोळा जाऊ शकतो. पन्नाशीच्या पुढचे कुणी असतील घरात तर लक्षात असू द्या.

*

माझं अजून काही निघालेलं नाही. फाइल मात्र इतकी जाड झालीये की डॉक्टर आधी फाइलकडेच बघून दमतात. वरचं वाचून दोन गोष्टी राहिल्यात असं दिसतंय, फेरिटिन आणि बायकोला माझ्या घोरण्याबद्दल विचारणं. दुसरीचा रिपोर्ट आत्ताच मिळाला, भयंकर आहे.

*

(धागाकर्ती) मेले हसून. मी वही सुरू केलीये आणि फेरिटिन, बी १२, डी तिन्ही उद्या करून घेतेय. सध्या थोडी सर्दी आणि कणकण आहे, चालेल ना?

*

उद्या नको. आजारपणात, कुठलाही दाह चालू असला की फेरिटिन वाढलेलं दिसतं आणि कमी असलेलं पण नॉर्मल येऊन बसतं. सर्दी पूर्ण जाऊ दे, मग करा, आणि बरोबर सीआरपी पण घालायला सांगा म्हणजे आकडा विश्वासाचा आहे का ते कळेल. बी कॉम्प्लेक्स चालू असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर बी १२ चा आकडा गोळीचाच यायचा.