मदत हवी आहे: मुलीच्या हाती कुत्रीचा पट्टा कधी द्यावा?

लेक नऊ वर्षांची. आमच्या देशी चिंगीला घेऊन आम्ही सकाळी पुण्यात वेताळ टेकडीवर जातो. चिंगी गिरिपुष्पाच्या बुंध्याशी हुंगत थांबली की लेकही वाकून बघते. मुंगसाची वाट तिलाच आधी दिसली. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूशच असतो असं नाही, ताठ आणि उंच असेल तर जपून, हे तिला आता कळतं. उन्हाळ्यात ती डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून चटका बघते. शीही स्वतः उचलते, याचं मला फार कौतुक.

आता तिला पट्टा एकटीने धरायचाय. चिंगी १८ किलोची, शिवाय पायथ्याशी भटक्या कुत्र्यांची टोळी असते. ती अंगावर आली तर मुलीने नेमकं काय करावं? दुसरा पट्टा मोठ्यांच्या हातात ठेवून कुणी सवय लावली आहे का?