समता की समानता? आणि मग 'बरोबरी'चं काय?

नमस्कार मंडळी. एक छोटी शंका आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाही.

संविधान दिनासाठी आमच्या सोसायटीच्या आवारात उद्देशिकेचा फलक लावायचं ठरलं. मजकूर टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळेपासून पाठ आहे या भरवशावर मी पुस्तक न उघडता लिहून दिलं, 'दर्जाची व संधीची समता'. फ्लेक्स छापून आला. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर समोर उभे राहून शांतपणे वाचत होते. म्हणाले, "समता नव्हे हो, समानता." मी म्हटलं, काय फरक पडतो, अर्थ तर एकच. त्यावर ते नुसते हसले. रागावले असते तर परवडलं असतं.

घरी येऊन कोश उघडला. समता पाहिलं तर अर्थ समानता, समानता पाहिलं तर अर्थ समता. झाली प्रदक्षिणा पूर्ण. तेव्हा जाणकारांनी सांगावं, फरक खरोखर आहे का, की मास्तरांची हौस?

*

ताई, मास्तरांचं बरोबर आहे. मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' असंच आहे. तुमच्या डोक्यात समता बहुधा हिंदीतून शिरली. हिंदी उद्देशिका म्हणते, 'प्रतिष्ठा और अवसर की समता'. तिथे आणखी एक गंमत आहे. हिंदीत जी 'प्रतिष्ठा' आहे तो आपला 'दर्जा', आणि आपली जी 'व्यक्तीची प्रतिष्ठा' आहे ती हिंदीत 'व्यक्ति की गरिमा'. दोन्ही भाषांनी संस्कृताच्या एकाच कोठारातून शब्द उचलले, पण फडताळात वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले. अनुच्छेद १४ चंही तसंच. हिंदीत 'विधि के समक्ष समता', मराठीत 'कायद्यापुढे समानता'.

आता मूळ प्रश्न. दोन्हींचं मूळ 'सम'. याचा जुना, अगदी जमिनीवरचा अर्थ सपाट, खाचखळगे नसलेला. उलट ते विषम. म्हणून समता म्हणजे आधी सपाटी, एकसारखेपणा. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने काव्याचे दहा गुण सांगितले त्यात समता आहे. तिथे तिचा माणसांच्या हक्कांशी काडीचा संबंध नाही. ओळीतली अक्षररचना मध्येच कठोर, मध्येच मऊ अशी होऊ नये, एवढंच तिचं काम.

गीतेत दहाव्या अध्यायात 'अहिंसा समता तुष्टिः' अशी यादी आहे आणि दुसऱ्या अध्यायात 'समत्वं योग उच्यते'. ज्ञानेश्वर त्यावर लिहितात, 'अर्जुना समत्व चित्ताचें'. चित्ताचें, हा शब्द लक्षात ठेवा. ही समता एकट्या माणसाच्या आत घडते. यश आलं, अपयश आलं, काटा हलत नाही. तिला दुसरा माणूस लागतच नाही.

पाचव्या अध्यायात दुसरी माणसं येतात. विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, म्हणजे चांडाळ, या सगळ्यांकडे पंडित सम दृष्टीने पाहतात. हा श्लोक हल्ली समतेचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. मला तो तसा वाचवत नाही. त्यात पाहणाऱ्याची नजर सपाट झाली, पण ज्याच्याकडे पाहिलं त्या श्वपाकाचं घर गावाबाहेर होतं तिथेच राहिलं. शिवाय यादीत त्याचा नंबर कुत्र्यानंतर.

आजची समता या अर्थाने नवी आहे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्रयीतल्या मधल्या शब्दाला आपण समता म्हणू लागलो आणि जुना शब्द मनातून उठून चव्हाट्यावर आला. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. डिसेंबरात तिथेच दुसरी परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना थेट व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली होती. त्याच वर्षी समाज समता संघ निघाला आणि १९२८ मध्ये 'समता' नावाचं पाक्षिक. पाणवठा कोणाचा या प्रश्नावर चित्ताचं समत्व काय कामाचं? इथे समतेला किमान दोन माणसं लागतात आणि मध्ये एक तळं.

माझं मत असं : समानता मोजता येते, समता मोजता येत नाही. मतं, वेतन, परीक्षेतले गुण, कायद्यापुढचं स्थान, इथे समानता. ज्या समाजात या मोजण्याची गरज पडेनाशी होते तिथली हवा म्हणजे समता. कायद्याच्या मसुद्याला मोजता येणारा शब्द हवा, म्हणून मराठी भाषांतर मला जास्त नेमकं वाटतं.

*

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. शब्दाचा स्वभाव पाहायचा तर त्याच्याबरोबर कुठलं क्रियापद नांदतं ते पाहावं. समता प्रस्थापित होते, नांदते, रुजते. समानता असते, मिळते, नाकारली जाते. साम्य आढळतं. बरोबरी मात्र करतात, साधतात. आणि सामना सुटतो तोही बरोबरीत.

दुसरी कसोटी नावांची. समतानगर गावोगाव आहे. पुण्यात गंज पेठेतला फुलेवाडा समताभूमी म्हणून ओळखला जातो. २६ जूनला शाहू महाराजांच्या जयंतीला समता दिंडी निघते. समता नावाच्या दोन मुली माझ्याच वर्गात होत्या. समानतानगर ऐकलंय कुणी? समानता नावाची मुलगी? नाही ना. ज्या शब्दावर लोक जीव टाकतात त्याचंच नाव मुलीला देतात.

विरुद्धार्थीही बघा. समतेच्या विरुद्ध विषमता, समानतेच्या विरुद्ध असमानता. 'असमता' कोणी म्हणत नाही. टायफॉइडला विषमज्वर म्हणतात तो विषमही हाच, वि अधिक सम.

*

तुम्ही सगळे संस्कृतातच बसलात, जरा खाली या. आमच्या वऱ्हाडात शेतात निंदायला जाणारी बाई समता म्हणत नाही आणि समानताही म्हणत नाही. ती म्हणते, "गड्याचा रोज वेगळा न् बाईचा वेगळा काऊन?" बराबरीचं काम, तर बराबरीचा पैसा. तिच्या तोंडी शब्द बरोबरीचा आहे.

आणि या शब्दाची घरात काय गत आहे पाहा. "तू त्याची बरोबरी करू नको." "मोठ्यांशी बरोबरी करतोस?" "सोयरीक बरोबरीत करावी." म्हणजे बरोबरी ही आधीच जे एका पायरीवर आहेत त्यांच्यात शोभते. खालच्याने केली की तो आगाऊपणा. समतेचं भाषण टाळ्या घेतं आणि घरी जाऊन तोच माणूस सुनेला म्हणतो, पुरुषांची बरोबरी कशाला करतेस. मला तर वाटतं एखाद्याला समता मान्य आहे की नाही हे ओळखायचं असेल तर तो 'बरोबरी' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारतो ते ऐकावं.

*

वऱ्हाडकर, टाळ्या! बरोबरीचं मूळही तुमच्या बाजूचं आहे. शब्द फारसी, बराबर. 'बर' म्हणजे छाती. छातीला छाती लावून उभे राहिलेले दोघे ते बराबर. मराठीने त्याचे तीन संसार थाटले : बरोबर म्हणजे सोबत, बरोबर म्हणजे अचूक, आणि बरोबर म्हणजे तुल्य. "माझ्याबरोबर चल", "उत्तर बरोबर आहे", "दोन आणि दोन बरोबर चार".

'तुल्य'ला घरचा शब्द म्हणावा तर त्यात तुला, म्हणजे तराजू. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी पुस्तकाला नाव दिलं 'स्त्रीपुरुष तुलना'. समता म्हटलं नाही. आधी दोघांना पारड्यात तर घाला, मग कोण जड ते बघू, हा त्यांचा पवित्रा. स्त्रियांवर जे दोष लादले जातात ते पुरुषांत किती भरलेत, याचं माप त्यांनी त्या पुस्तकात पदरात घातलं. शीर्षकातच तराजू आहे हे मला पुस्तक वाचल्यावर कितीतरी वर्षांनी सुचलं.

आणि 'सारखा' विसरू नका. सदृक्ष, मग प्राकृतात सरिक्ख, मग आपला सारखा. "पदर सारखा कर", "चादर सारखी कर" यात तो जुना सपाटीचा अर्थ येऊन बसलाय. "पोर सारखं रडतंय" इथे खंड नसणं. आई लाडू "सगळ्यांना सारखे" वाटते तेव्हा तिला अनुच्छेद १४ ची गरज नसते. धाकट्याला अर्धा जास्त देते तेव्हा ती अनुच्छेद १५ मधल्या विशेष तरतुदीकडे गेलेली असते.

*

गणित शिकवतो, म्हणून माझे दोन पैसे. आमच्याकडे 'एकरूप' त्रिकोण आणि 'समरूप' त्रिकोण वेगळे. बाजू ३, ४, ५ आणि ६, ८, १० असलेले दोन त्रिकोण समरूप आहेत, एकरूप नाहीत. कोन तेच, आकारमान वेगळं. मुलं दरवर्षी इथे घोटाळा करतात आणि मोठी माणसं जन्मभर. "समता म्हणजे काय सगळ्यांना एका साच्यात घालायचं?" असं विचारणारा एकरूपतेबद्दल बोलत असतो.

हाच घोटाळा 'समान नागरी कायदा' या शब्दात बसलाय. तिथला समान म्हणजे सर्वांना एकच. मराठी राज्यघटनेच्या अनुच्छेद ४४ मध्ये शब्द 'एकरूप नागरी संहिता' असा आहे. बाजूने असा की विरोधात, वाद घालताना निदान शब्द तरी नीट धरा. 'समान काम, समान वेतन' मध्येही पहिला समान 'तेच' या अर्थी आणि दुसरा 'तेवढंच' या अर्थी.

बरोबरच्या = चिन्हाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. रॉबर्ट रेकॉर्डने ते १५५७ मध्ये वापरलं. दोन समांतर रेघांइतकं एकमेकांसारखं दुसरं काही असू शकत नाही, म्हणून त्याने त्या निवडल्या. समांतर आहेत, एकमेकींना चिकटलेल्या नाहीत.

*

>> समांतर आहेत, एकमेकींना चिकटलेल्या नाहीत.

हे वाचून 'समरसता' आठवली. १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रात समता विरुद्ध समरसता हा वाद चालू आहे. राजकारण बाजूला ठेवतो, शब्दापुरतं बोलतो. समरस म्हणजे दोन रस मिसळून एक होणं. योग्यांच्या आणि भक्तांच्या भाषेत हा फार गोड शब्द आहे, जीव आणि शिव समरस होतात. पण दोन समाज समरस झाले म्हणताना कुणाचा रस कुणात मिसळला, चव कुणाची उरली, हे विचारावं लागतं. समतेत दोघे वेगळे राहूनही चालतं. यात द्वेष शोधू नये, शब्दाची जातकुळीच तशी आहे.

*

सहमत नाही. नुसत्या समान हक्कांनी माणसं एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत, त्यासाठी रस लागतोच. आणि सम, समरस, समाज, समिती सगळे एकाच 'सम'चे.

*

जेवणाचा मुद्दा मान्य, व्युत्पत्ती मान्य नाही. समाज आणि समिती यांत 'सम्' हा उपसर्ग आहे, म्हणजे एकत्र. समाज म्हणजे सम् अधिक अज्, एकत्र हाकणे. समता, समान, समरस यांतला 'सम' वेगळा. पाय मोडका म आणि पूर्ण म यातला फरक छोटा दिसतो, पण त्यामुळे 'समाज शब्दातच समता आहे' हे भाषणातलं टाळीचं वाक्य बाद होतं. समाज शब्दात फक्त गर्दी आहे. आणि जेवायला जाण्यासाठी जे लागतं त्याला घटनेनं वेगळा शब्द ठेवलाय, बंधुता.

*

मी बऱ्याच उशिरा आले. एक राहिलेली गोष्ट. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेला बसले होते तेव्हा दहा दिवस एकच शब्द कानावर पडत होता, समता. गुडघा ठणकतोय, समता ठेवा. तिथे हा शब्द पालीतल्या 'उपेक्खा'साठी येतो. मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चौघींतली शेवटची. तिचं संस्कृत रूप उपेक्षा, पण मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड! शिबिरात "वेदनेची उपेक्षा करा" म्हटलं असतं तर अर्थाचा अनर्थ झाला असता. एक शब्द मराठीत बिघडला, म्हणून त्याची जागा समतेनं घेतली.

वर कुणीतरी म्हणालं की जुनी समता मनातली आणि नवी चव्हाट्यावरची. मला ती भिंत इतकी जाड वाटत नाही. १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. म्हणजे महाडला व्हर्सायचा दाखला देणाऱ्या माणसानेच सत्तावीस वर्षांनी शब्दाचा पत्ता बदलून दिला.

*

हा पत्ता बदलल्याचा मुद्दा माझ्याकडून निसटला होता. 'फ्रेंच त्रयीतून आला' हे माझं वरचं वाक्य तेवढ्यापुरतं अपुरं आहे, मान्य. पण श्वपाकाच्या यादीतल्या नंबराबद्दल मी मागे हटत नाही.

*

मंडळी, धागा एवढा लांबेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

फलकाचं काय झालं ते सांगते. नवा फ्लेक्स छापायला कमिटी तयार नाही, म्हणून 'समता'वर 'समानता'ची पट्टी चिकटवायची ठरली. समानता एका अक्षराने मोठी, त्यामुळे पट्टी शेजारच्या 'संधीची'वर चढली आणि 'संधी'च अर्धी झाकली गेली. मास्तरांना दाखवलं. ते परत हसले, आणि कात्री मागितली.