उत्तर: कोऱ्या अपघात-रजिस्टरवरून साइट सुरक्षित ठरते का?

वर एका सदस्याने लिहिलंय की वर्षभरात अपघाताची एकही नोंद नाही, म्हणजे बांधकामाच्या साइटवरची सुरक्षा संस्कृती उत्तम. मला हे पटत नाही. शेकडो माणसं काम करतात तिथे वरून पाना पडतो, परांचीची फळी सरकते, कुणी थोडक्यात वाचतो. यातलं काहीच कागदावर येत नसेल, तर बहुधा लोक सांगायला घाबरतात. रोजंदारीवरचा माणूस मुकादमाला दुखवून उद्याची हजेरी कशाला घालवेल?

म्हणून मूल्यमापन करताना ऑफिसातल्या फायली नंतर बघा. आधी सेंटरिंगवाल्यांशी (स्लॅबचा साचा बांधणाऱ्यांशी), बिगाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोला, आणि इंजिनिअर सोबत नको. 'धोका वाटला म्हणून काम थांबवलं, असं शेवटचं कधी झालं? थांबवणाऱ्याचं पुढे काय झालं?' एवढं विचारा. स्लॅबच्या आदल्या रात्री, घाई असताना, हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून बांधायचे पट्टे) खरंच अडकवले जातात का, तेही पाहा.

१९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०० कामगारांपासून सुरक्षा समिती आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी बंधनकारक केले होते. ते प्रतिनिधी बैठकीत बोलतात की नुसते सही करतात, हे इतिवृत्तात लगेच कळतं.

आणि कामगारांची वस्ती वगळू नका, ही माझी कळकळीची विनंती. जून २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. हेल्मेट मोजणाऱ्या चेकलिस्टमध्ये त्या भिंतीसाठी रकानाच नसतो.